दोन घरचा पाहुणा

(तृतीय वर्ष कला)

शाळेत असताना 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण सर्वांनीच वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. या घरच्यांना वाटते तो त्या घरी जेवला, त्या घरच्यांना वाटते तो या घरी जेवला, आणि पाहुणा बिचारा उपाशी झोपतो. मी ज्या पाहुण्याविषयी लिहिणार आहे त्याची तऱ्हा मात्र उलटी आहे. तो दोन्ही घरी पोटभर जेवतो आणि दोन्हीकडे सांगतो, "छे, हल्ली माझे जेवण फार कमी झाले आहे." हा पाहुणा म्हणजे सिगारेट आणि व्हेप या दोन्हींचा भक्त. आमच्या वसतिगृहात असे पाहुणे मी नऊ मोजले. दहावा मी स्वतः.

वार्षिकांकात व्यसनावर लेख येणे ही काही नवी गोष्ट नाही. दरवर्षी एखादा येतोच, आणि तो बहुधा ज्याने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही अशा मित्राने लिहिलेला असतो. तंबाखू वाईट हे त्यात सांगितलेले असते. ते आम्हालाही ठाऊक असते. पाकिटावर चित्रासह छापलेलेच असते. मला आज त्याहून लहान, पण आपल्यापैकी अनेकांच्या खिशाशी संबंध असलेली गोष्ट सांगायची आहे. सिगारेट अर्धी कमी करून तिच्या जोडीला दुसरे काही घेणे म्हणजे सिगारेट सोडणे नव्हे. एवढे एकच विधान मला करायचे आहे, आणि ते मला फार उशिरा उमगले म्हणून लिहायचे आहे.

प्रथम वर्षाला मी आलो तेव्हा फाटकासमोरच्या टपरीवर कटिंगबरोबर सुटी सिगारेट घेण्याची दीक्षा मला मिळाली. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा कायदा २००३ पासून आहे. सुट्या विड्या-सिगारेटी विकण्यास महाराष्ट्रात २०२० साली बंदी झाली. आमच्या टपरीला यांपैकी काहीच ठाऊक नसावे. तेथे सुतळीला बांधलेला लायटर दिवसभर लोंबकळत असतो. दुसऱ्या वर्षापर्यंत माझा आकडा दिवसाला सहा-सातवर गेला. मग पुण्याला शिकणारा एक मित्र दिवाळीत भेटला. त्याच्या हातात पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्याच्या वासाची एक वस्तू होती. "ही सिगारेट नाही रे, नुसती वाफ आहे," तो म्हणाला. त्याने ती मला दीड हजाराला दिली. मेसचे पैसे होते ते.

त्यानंतरचे सहा महिने मी स्वतःवर फार खूश होतो. सहाच्या तीन सिगारेटी झाल्या! आईला फोनवर सांगण्यासारखी गोष्ट असती तर सांगितलीही असती. परंतु पूर्वी मला सिगारेटसाठी जिना उतरून, रस्ता ओलांडून जावे लागे, आणि तेवढ्या कष्टानेच दिवसातल्या काही सिगारेटी वाचत. आता वाफ उशाखाली आली. पहाटे जाग आल्यावर वाफ, स्नानगृहात वाफ, ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात वाफ, आणि चहाबरोबर मात्र खरी सिगारेट, कारण तेथे वाफेने समाधान होत नाही. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मे उतरते. पूर्वी तास संपण्याची वाट पाहताना ते थोडेफार उतरायला वाव मिळे. आता उतरण्यापूर्वीच मी पुन्हा भरत होतो. तीन सिगारेटी कमी झाल्याचा हिशेब मी ठेवला. वाफेचे झुरके मात्र मोजले नाहीत. त्यांना मोजायची सोयच नसते. सिगारेट संपते तेव्हा निदान थोटूक तरी हातात राहते.

आता ही प्रकरणे आहेत तरी काय, ते थोडक्यात पाहू. सिगारेटमध्ये तंबाखू जळते. झुरका घेताना टोकाचे तापमान ८०० अंशांच्या वर जाते, आणि त्या धुरात हजारो रसायने तयार होतात. त्यांपैकी सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो तो वेगळाच. ई-सिगारेट किंवा व्हेप हे २००३ साली होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने काढलेले साधन. त्यात बहुधा निकोटिन, सुगंधी द्रव्ये, ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे द्रावण विजेच्या तारेने तापवतात. तिसरा प्रकार आपल्याकडे फारसा दिसत नाही, परंतु जपान-कोरियात फार चालतो. त्यात खरी तंबाखूच असते, पण ती न जाळता सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवतात. एका बड्या कंपनीने २०१४ साली जपानमधील नागोया येथे ते यंत्र प्रथम विक्रीला आणले. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने या दोन्ही साधनांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरी ती आमच्या उशाखाली कशी आली, हा प्रश्न रेक्टरसाहेबांनी विचारू नये, ही विनंती.

जळणे नाही म्हणजे विष कमी, हा या साधनांच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद. तो खोटा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ साली ब्रिटनमधील १८१ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी सिगारेट पूर्णपणे सोडून केवळ ई-सिगारेट धरली होती, त्यांच्या शरीरात तंबाखूतील एका प्रमुख कर्करोगकारक द्रव्याचा अंश सिगारेट ओढणाऱ्यांच्या मानाने ९७ टक्के कमी आढळला. आमचे मित्र येथपर्यंत वाचतात आणि टाळी देतात. पण त्याच तपासणीत आणखी एक गट होता, दोन्ही ओढणाऱ्यांचा. त्यांच्या शरीरातील विषारी द्रव्ये केवळ सिगारेट ओढणाऱ्यांहून फारशी वेगळी नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पाच हजारांवर लोकांच्या लघवीच्या तपासणीचे निष्कर्ष आले. तेथे तर दोन्ही ओढणाऱ्यांच्या शरीरात निकोटिन आणि बहुतेक विषारी द्रव्ये केवळ सिगारेटवाल्यांपेक्षा जास्तच निघाली.

तंबाखू तापवणाऱ्या यंत्राची गोष्टही अशीच बोलकी आहे. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर उल्लेखिलेल्या यंत्राच्या जाहिरातीत एक दावा करण्याची परवानगी दिली. सिगारेट सोडून 'पूर्णपणे' या यंत्राकडे वळल्यास शरीरात जाणारी घातक द्रव्ये कमी होतात, असा तो दावा. रोगाचा धोका कमी होतो, असे म्हणण्याची परवानगी मात्र दिली नाही. आपण भाषेचे विद्यार्थी. एका क्रियाविशेषणावर सारा अर्थ तोललेला असतो तो कसा, हे आपल्याला वर्गात शिकवतात. येथे 'पूर्णपणे' हा शब्द काढला की वाक्यच कोसळते, आणि आमच्यापैकी दहाही जणांनी नेमका तोच शब्द गाळून ते वाक्य वाचले होते.

हे मला पुस्तकातून कळले असते तर कदाचित लेख लिहिण्याइतके लागले नसते. ते कळले जिल्ह्याच्या गावी, एका इस्पितळात.

आमचे अण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला असतात. गाळपाच्या दिवसांत रात्रपाळी, थंडी आणि ट्रॅक्टरांची न संपणारी रांग. विडी तेथलीच सोबतीण. दोन बंडले सहज लागत. काही वर्षांपूर्वी खोकला वाढला तेव्हा त्यांनी विडी कमी करायची ठरवली आणि खरोखर कमी केली. हाताची फट भरून काढायला मग तंबाखू-चुन्याची डबी आली. घरात सर्वांना आनंद झाला. 'विडी सोडल्यातच जमा आहे,' असे आई पाहुण्यारावळ्यांना सांगे. गेल्या मार्गशीर्षात रात्रपाळीवरच त्यांच्या छातीत कळ आली.

रक्तवाहिनीत जाळी बसवल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. मी उशाशी उभा होतो.

"काका, तंबाखू किती?"

"विडी आता नाही म्हणायला दोन, साहेब. सकाळी एक, रात्री एक. बाकी नुसती तंबाखू-चुना."

डॉक्टर तरुण होते, फार तर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ते चिडले नाहीत. म्हणाले, "काका, दोन म्हणजे सोडली नव्हे. आणि तुमची तंबाखू विडीच्या जागी नाही आली. ती विडीच्या शेजारी येऊन बसली."

अण्णांनी मान खाली घातली. माझ्या पँटच्या खिशात ती आंब्याच्या वासाची वस्तू होती. मी त्या खिशावर हात ठेवून उभा होतो, आणि डॉक्टर अण्णांशी बोलताहेत की माझ्याशी, हे मला क्षणभर समजेना.

खाली औषधाच्या दुकानाशी डॉक्टर पुन्हा भेटले तेव्हा मी त्यांना विचारले, "दिवसाला दोन विड्यांनी एवढे होते?" त्यांनी सांगितले ते मी नंतर ग्रंथालयात पडताळून पाहिले. २०१८ साली १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आहे. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला केवळ एक ओढणाऱ्यालाही असतो. आपल्या त्रैराशिकाने तो विसावा हिस्सा यायला हवा. प्रत्यक्षात निम्मा येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर आणि वर्षांबरोबर चढत जातो. हृदयाचे तसे नाही. रक्तवाहिनीचे अस्तर दुखावणे, रक्त गोठण्याकडे झुकणे हे बदल थोड्याशा धुरानेच घडू लागतात. पुढच्या सिगारेटींनी त्यात भर पडते ती सावकाश. म्हणजे सहाच्या तीन केल्याचा जो आनंद मी सहा महिने उपभोगत होतो, त्याची माझ्या हृदयाला फारशी दखलच नव्हती.

शिवाय सिगारेटी कमी झाल्या तरी धूर त्याच प्रमाणात कमी होतो असे नाही. शरीर निकोटिनचा आपला वाटा वसूल करून घेते. झुरका लांबतो, खोल जातो, थोटूक बोटे भाजेपर्यंत ओढले जाते. ही युक्ती जुनी आहे. मागच्या पिढीत 'लाइट' सिगारेटी निघाल्या होत्या. यंत्राने मोजले की त्यांत टार कमी भरे. माणसे मात्र अधिक खोल ओढत आणि होते तेवढेच विष घेत. ती सिगारेट सौम्य आहे या समजुतीवर लाखो लोकांनी सोडण्याचा विचार पुढे ढकलला. आमच्या वाफेच्या नळीने तेच काम केले. तिने माझी सिगारेट सोडवली नाही, पण सोडण्याची टोचणी मात्र सोडवली. माझ्या मते दोन्ही ओढण्यातला सर्वांत मोठा अपाय हाच आहे, आणि तो कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही.

२०२४ साली शंभरावर अभ्यासांचा आणखी एक आढावा प्रसिद्ध झाला. हृदयरोग, पक्षाघात, दमा, फुप्फुसाचे जुनाट विकार यांचे प्रमाण दोन्ही ओढणाऱ्यांत केवळ सिगारेटवाल्यांपेक्षा अधिक दिसले, असे त्यात म्हटले आहे. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि ते रास्त आहेत. ज्यांची प्रकृती आधीच ढासळली किंवा ज्यांचे व्यसन आधीच घट्ट होते, तेच दुसऱ्या साधनाकडे वळले असतील, तर दोष त्या साधनाचा किती हे सांगणे कठीण. म्हणून 'दुप्पट विष' असे भडक विधान मी करणार नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की दोन्ही ओढण्याने निर्धास्त व्हावे, असे काही या अभ्यासांतून हाती लागत नाही.

आता माझ्या मित्रांचे आक्षेप. लेखाचा मसुदा मी खोलीत वाचून दाखवला तेव्हा ते आलेच.

पहिला आक्षेप असा की, विलायतेत तर डॉक्टरच व्हेप घ्यायला सांगतात. खरे आहे. सिगारेट सोडवण्यात निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगमपेक्षा ई-सिगारेट अधिक उपयोगी पडते, असा निष्कर्ष मोठ्या आढाव्यांतून निघालेला आहे. परंतु तेथेही सांगणे हेच असते की सिगारेट पूर्ण बंद करा. तेथे द्रावणात काय असावे, निकोटिन किती असावे, यावर नियम आहेत. आपल्याकडची वस्तू चोरवाटेने येते. तिच्या वेष्टनावर छापलेले आत असेलच, याची हमी कोण देणार? अमेरिकेत २०१९ साली अशाच अनधिकृत मार्गाने मिळालेल्या, बहुतांशी गांजाचा अर्क असलेल्या द्रावणांनी फुप्फुसांचा विकार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० वर माणसे इस्पितळात गेली आणि ६८ दगावली. त्यात आपल्या व्हेपचा दोष नव्हता असे म्हणता येईल, पण चोरबाजारातून घेतलेली वस्तू फुप्फुसात ओढण्याची जोखीम काय असते, ते त्यातून दिसले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सरकारला आमच्या फुप्फुसांची एवढी काळजी, तर सिगारेट टपरीवर उघड कशी? वाफेवर बंदी आणि धुरावर कर, हा कुठला न्याय? हा प्रश्न मला पटतो. अधिक घातक वस्तू कोपऱ्याकोपऱ्यावर मिळावी आणि कमी घातक वस्तूवर बंदी असावी, ही विसंगतीच आहे. सरकारही दोन घरचा पाहुणाच आहे म्हणा ना. पण सरकारच्या विसंगतीने माझी रक्तवाहिनी साफ होत नाही. वादविवाद स्पर्धेत हा मुद्दा मी जिंकेन. इस्पितळातल्या खाटेवर तो कोणाला सांगणार?

तिसरा आक्षेप, 'हे शहरी पोरांचे चोचले. आपल्या भागात कोण व्हेप ओढतो?' पण साधन कोणते, याला महत्त्व नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के तंबाखू, मावा, मिश्री अशा न जाळता घ्यायच्या प्रकारांचे आढळले. देशभरात दोन्ही करणारे ३.४ टक्के होते. अण्णांची डबी आणि माझी नळी यांत किमतीचा आणि वासाचा फरक आहे. हिशेब एकच आहे : एक कमी केली, म्हणून दुसरी चालेल.

प्राध्यापकवर्गालाही, लहान तोंडी मोठा घास घेऊन, दोन शब्द सांगावेसे वाटतात. ३१ मे च्या तंबाखूविरोधी दिनाला तसेही कॉलेज बंद असते आणि भित्तिपत्रके सुट्टीतल्या भिंती वाचतात. खोल्यांची झडती घेऊन वस्तू जप्त केल्याने ती पुन्हा पुण्याहून येते. आम्हाला कोणीतरी विचारायला हवे, आणि नीट विचारायला हवे. 'सिगारेट ओढतोस का?' या प्रश्नाला आम्ही 'कमी केली सर' असे उत्तर देतो, आणि ते ऐकून आपणही समाधानाने पुढे जाता. त्याच्यापुढचा प्रश्न विचारा : 'आणखी काय घेतोस?' उत्तर दिल्याबद्दल वसतिगृहातून नाव कमी होणार नाही, एवढी शाश्वती दिली तर दहापैकी निदान पाचजण खरे बोलतील. सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा सोडण्यास मदत करणाऱ्या केंद्राचा विनामूल्य क्रमांक छापलेला असतो. मी तो तीन वर्षे बोटांत धरून हिंडलो आणि एकदाही वाचला नाही. तो सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावायला खर्च काहीच नाही.

मित्रहो, माझे काय झाले तेही सांगतो, नाहीतर लेख ढोंगीपणाचा ठरेल. इस्पितळातून परत आल्यावर मी आधी वाफ फेकली. सिगारेट तीनच राहतील अशी कल्पना होती. आठवड्यात त्या सहा झाल्या. म्हणजे इतके दिवस मी कमी केलेच नव्हते, फक्त अर्धे सामान दुसऱ्या घरी नेऊन ठेवले होते. मग त्या क्रमांकावर फोन केला आणि एक तारीख ठरवली. त्या तारखेपासून दोन्ही बंद. पहिले चार दिवस कोणाशी धड बोललो नाही. खोलीतल्या मित्राने सहन केले. मध्ये एकदा, परीक्षेच्या आदल्या रात्री, मोडले. पुन्हा तारीख ठरवली. हे लिहीत असताना सत्तेचाळीस दिवस झाले आहेत.

ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रकृतीचा ५० वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. ज्यांनी साठीत सोडली त्यांनी सरासरी तीन वर्षे आयुष्य वाचवले, पन्नाशीत सोडली त्यांनी सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सुमारे दहा. अण्णा त्रेपन्न वर्षांचे आहेत, मी एकवीस. हा तक्ता मी त्यांना पत्रात लिहून पाठवला. फोनवर बोलताना आम्हा दोघांनाही संकोच होतो. त्यांचे उत्तर आले, त्यात ऊस, पाणी आणि धाकटीची फी एवढेच होते. खाली आईच्या अक्षरात एक ओळ होती : डबी मोरीत टाकली आहे, विडीचे अजून बोलत नाहीत.

त्यांना तारीख ठरवायला सांगण्यासाठी मी सुट्टीत घरी जाणार आहे. दोन्हींची एकच तारीख.